सेवाग्रामची आमसभा आणि आशादेवी आर्यनायकम

ग्रंथालयाच्या सभासदांना आमसभा हा शब्द नवा नाही. वर्षातून एकदा जमावे, अहवाल ऐकावा, हिशेबास मंजुरी द्यावी, कार्यकारिणी निवडावी आणि चहापान करून घरी परतावे, असा तिचा सर्वसाधारण परिपाठ असतो. परंतु हीच आमसभा दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींच्या हाती सोपवून, तिच्यातूनच शाळेचा दैनंदिन कारभार चालवण्याचा एक प्रयोग जुन्या मध्य प्रांतात, वर्ध्यापासून काही मैलांवरच्या सेवाग्राम या खेड्यात झाला. महात्मा गांधींच्या नई तालीमचे नाव घेताच टकळी आणि चरखा डोळ्यांसमोर येतात. मुलांची ही आमसभा मात्र सहसा आठवत नाही. या प्रयोगामागे ज्यांचे कष्ट प्रामुख्याने होते, त्या आशादेवी आर्यनायकम जन्माने महाराष्ट्रीय नव्हत्या. पण त्यांच्या आयुष्याचा सर्वांत मोठा व महत्त्वाचा काळ याच मराठी भूमीत गेला.

आशादेवींचा जन्म १९०१ साली लाहोर येथे एका बंगाली कुटुंबात झाला. वडील फणिभूषण अधिकारी हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, आई सरयूबाला देवी. पुढे हे कुटुंब काशीला स्थायिक झाले आणि आशादेवींचे शिक्षण तेथेच पूर्ण झाले. घरात बंगाली, बाहेर हिंदी आणि अभ्यासात संस्कृत व इंग्रजी, अशा वातावरणात त्या वाढल्या. रवींद्रनाथ ठाकुरांचा या कुटुंबाशी निकटचा स्नेह होता. रवींद्रनाथांच्या पत्रव्यवहारामुळे बंगाली वाचकांना परिचित असलेल्या राणू अधिकारी, पुढे लेडी राणू मुखर्जी, या आशादेवींच्या धाकट्या भगिनी होत. एम. ए. झाल्यावर आशादेवींनी काशीच्या महिला महाविद्यालयात काही काळ अध्यापन केले आणि नंतर त्या शांतिनिकेतनात गेल्या. तेथील मुलींची देखरेख त्यांच्याकडे आली.

शांतिनिकेतनात त्यांना एक विलक्षण गोष्ट जवळून पाहावयास मिळाली. शाळेची शिस्त तेथे बऱ्याच अंशी विद्यार्थीच राखत. आपले नायक ते स्वतः निवडत आणि कोणाच्या हातून आगळीक घडली तर तिचा विचार विद्यार्थ्यांचीच विचारसभा करी. छडीला तेथे थारा नव्हता. याच आश्रमात १९१५ सालच्या मार्च महिन्यात गांधीजींच्या सूचनेवरून विद्यार्थी व शिक्षकांनी स्वयंपाक, भांडी, झाडलोट ही सारी नोकरांची कामे आपल्या अंगावर घेतली होती. तो उपक्रम फार काळ टिकला नाही. मात्र १० मार्च हा दिवस गांधी पुण्याह म्हणून शांतिनिकेतनात पाळला जाऊ लागला आणि त्या दिवशी सेवकांना सुटी देऊन त्यांची कामे इतरांनी करण्याची प्रथा पडली. रवींद्रनाथांकडची विद्यार्थ्यांची सभा आणि गांधीजींनी सुचवलेले श्रमाचे काम या दोन गोष्टी तेथे शेजारी शेजारी होत्या. त्यांची खरी गाठ पुढे सेवाग्रामात पडली, आणि ती घालणाऱ्यांत आशादेवी अग्रभागी होत्या.

शांतिनिकेतनातच त्यांचा विवाह ई. डब्ल्यू. आर्यनायकम यांच्याशी झाला. आर्यनायकम हे सिलोनचे, म्हणजे आजच्या श्रीलंकेचे, तमिळ ख्रिस्ती गृहस्थ. परदेशात उच्च शिक्षण घेऊन आलेल्या या गृहस्थांनी रवींद्रनाथांचे चिटणीस म्हणून काम केले आणि १९३० साली कवींच्या रशियाच्या प्रवासात ते त्यांच्यासोबत होते. काशीची बंगाली ब्राह्मकन्या म्हणावी अशा संस्कारांत वाढलेली पत्नी आणि जाफन्याकडचा ख्रिस्ती पती, हे जोडपे १९३०–४० या दशकाच्या मध्यास वर्ध्याला आले आणि कायमचे येथलेच झाले. त्या काळच्या वर्ध्याला, जमनालाल बजाज यांच्या पुढाकारामुळे, देशाच्या कानाकोपऱ्यांतून येणाऱ्या माणसांची सवय झालेली होती, हे खरे. तरीही कवीच्या आश्रमातील गाणे, नाट्य आणि चित्रकला यांच्या सहवासातून वऱ्हाड-नागपूरकडच्या उन्हात, कापसाच्या शेतांमध्ये येऊन राहणे ही सोपी गोष्ट नव्हे.

जमनालालजींच्या प्रेरणेने चालणारे मारवाडी विद्यालय पुढे नवभारत विद्यालय या नावाने ओळखले जाऊ लागले. त्याच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्षस्थानी होते. सात वर्षांचे सक्तीचे व मोफत शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि हस्तोद्योगाच्या केंद्राभोवती सर्व विषयांची गुंफण, ही सूत्रे तेथे मान्य झाली. अभ्यासक्रम आखण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमण्यात आली, तिच्यात विनोबा, काकासाहेब कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, कुमारप्पा यांच्यासोबत आर्यनायकम पतिपत्नी दोघेही होते. डिसेंबर १९३७ मध्ये समितीने आपला अहवाल सादर केला. फेब्रुवारी १९३८ च्या हरिपुरा काँग्रेसने योजनेला मान्यता दिली आणि हिंदुस्थानी तालिमी संघाची स्थापना झाली. झाकिर हुसेन अध्यक्ष आणि आर्यनायकम चिटणीस असा हा संघ होता. कचेरीचा व्यवहार आर्यनायकम पाहत आणि प्रत्यक्ष शाळा, मुले व शिक्षक यांचा भार मुख्यत्वे आशादेवींवर असे, अशी या दोघांच्या कामाची साधारण वाटणी होती.

मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांताची राजधानी तेव्हा नागपूर होती. वर्धा आणि बालाघाट हे दोन्ही जिल्हे त्याच प्रांतात होते. पंडित रविशंकर शुक्ल यांनी याच सुमारास विद्यामंदिर योजना पुढे आणली. गावाच्या शाळेला जमीन द्यावी आणि तिच्या उत्पन्नातून शिक्षकाचा खर्च निघावा, अशी तिची कल्पना होती. या योजनेच्या शिक्षकांसाठी वर्ध्यात १९३८ साली जी प्रशिक्षणशाळा सुरू झाली, तिचा नव्या शिक्षणपद्धतीशी निकटचा संबंध होता. विद्यामंदिर या नावावरूनच पुढे मुस्लिम लीगने मोठा वाद माजवला आणि १९३९ च्या अखेरीस काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिल्यावर योजनेचा आधारच गेला. सेवाग्रामची शाळा मात्र सरकारच्या आधारावर उभी नव्हती, म्हणून ती टिकली.

या शाळेतील मुलांना घेऊन आशादेवींनी जे केले, त्याचे मर्म समजून घेण्यासाठी त्या गावाचा विचार केला पाहिजे. सेगाव हे त्याचे मूळ नाव. १९४० मध्ये ते सेवाग्राम झाले. वस्ती गरिबांची आणि त्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्यांचा भरणा मोठा. अशा गावातील मुले आणि बाहेरून आलेल्या कार्यकर्त्यांची मुले एकाच पंक्तीला बसणार, एकाच विहिरीचे पाणी भरणार आणि आळीपाळीने संडासही साफ करणार. एकमेकांचा मान राखा, असे सांगून त्या काळात हे साधण्यासारखे नव्हते. मुलगा घरून जे शिकून आलेला असतो ते प्रवचनाने पुसले जात नाही. आशादेवींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपदेशाचा मार्ग बाजूस ठेवला आणि प्रत्यक्ष कारभारच मुलांच्या हाती दिला.

सेवाग्रामच्या आमसभेची रीत अशी होती. शाळेतील सर्वांची मिळून ती सभा. दर महिन्याला ती आपल्यातून मंत्री निवडी: सफाईचा, भोजनाचा, आरोग्याचा, शेती-बागेचा, उद्योगाचा, पाहुण्यांच्या स्वागताचा, अशी एकेकाकडे एकेक खाते. महिना संपला की प्रत्येक मंत्र्याने आपल्या कामाचा अहवाल सभेपुढे ठेवावयाचा, सभासदांनी त्यावर प्रश्न विचारावयाचे, आणि मग नवी निवड व्हावयाची. कामाच्या टोळ्या आळीपाळीने बदलत. सफाईच्या टोळीत गेलेला मुलगा पुढे स्वयंपाकाच्या टोळीत जाई. त्यामुळे जातीवरून ठरणाऱ्या कामांची उतरंड येथे उभीच राहू शकत नसे. शिक्षकही याच समाजाचे घटक होते आणि झाडू, खराटा, मोट यांपासून त्यांनाही सुटका नव्हती.

भोजनमंत्र्याचे काम सर्वांत अवघड. कोठीतले धान्य किती, बागेतून भाजी किती येईल, दूध-तेल किती मिळेल, माणशी खर्च किती बसतो आणि तेवढ्यात सकस आहार कसा द्यावयाचा, हा सारा मेळ त्याला घालावा लागे. गणिताच्या पुस्तकातील त्रैराशिक चुकले तर गुण कमी होतात. कोठीतील चुकले तर महिनाअखेरीस सगळ्यांच्या ताटात तुटवडा येतो. याच कामातून आहारशास्त्र, हिशेब आणि लेखन शिकवले जाई. नई तालीमचे टीकाकार अनेकदा केवळ सुताच्या लडी मोजत राहिले. सेवाग्रामच्या स्वयंपाकघरात त्याहून मोठे शिक्षण चालले होते, ही बाब त्यांच्या नजरेतून सुटली.

आणि या कामामुळेच सभेला वजन येई. ज्या सभेपुढे खरे धान्य, खरा पैसा आणि खरी घाण आहे, तेथे बोलणाऱ्याला मोजून बोलावे लागते. विहिरीजवळ चिखल का साचला, हा प्रश्न विचारणाऱ्याला ठाऊक असते की पुढल्या महिन्यात तेच खाते आपल्या गळ्यात पडू शकते. उत्तर देणाऱ्यालाही माहीत असते की विचारणारा शत्रू नाही. तो गेल्या महिन्यात याच जागी उभा होता. टीका माणसावरून हटून कामावर येते ती अशी. शिवाय जो मुलगा घरी किंवा गावात कधी चार लोकांपुढे तोंड उघडणार नाही, त्याला खात्याचा अहवाल वाचण्यासाठी उभे राहावेच लागते आणि इतरांना तो ऐकावाच लागतो. मुलींच्या बाबतीत तर ही गोष्ट विशेष मोलाची. १९४० च्या आसपास मुलामुलींच्या मिश्र सभेत एखाद्या खेड्यातील मुलीने हिशेब मांडावा आणि मुलांनी तिला प्रश्न विचारावेत, हे दृश्य मध्य प्रांतातील किती शाळांत दिसले असते?

अशाच वाटेने जाणारे लोक त्या काळी अन्य देशांतही होते. पोलंडमध्ये वॉर्सा येथे डॉ. यानुश कॉर्चाक यांच्या अनाथाश्रमात मुलांचे न्यायालय आणि मुलांची संसद होती. न्यायालयाच्या संहितेतील पहिली नव्व्याण्णव कलमे दोषमुक्तीची वा क्षमेची होती आणि खुद्द कॉर्चाक यांच्यावरही मुलांनी तेथे खटले भरले होते. याच आश्रमातील मुलांनी १८ जुलै १९४२ रोजी रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ हे नाटक सादर केले. पुढल्याच महिन्यात नाझींनी त्या मुलांना आणि कॉर्चाकना त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेले. शांतिनिकेतन वा सेवाग्राम यांची वॉर्साशी प्रत्यक्ष देवाणघेवाण झाल्याचे दिसत नाही. मुलाला आपला शब्द आहे हे मानणारी माणसे मात्र एकाच काळात या तिन्ही ठिकाणी होती. त्याच ऑगस्ट १९४२ मध्ये भारतात चले जाव आंदोलनाची धरपकड झाली, आर्यनायकम यांच्यासह अनेक कार्यकर्ते तुरुंगात गेले आणि सेवाग्रामचे शैक्षणिक काम विस्कळीत झाले.

गांधीजींची १९४४ साली सुटका झाली तेव्हा त्यांच्या मनातील शिक्षणाची व्याप्ती वाढलेली होती. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामला भरलेल्या परिषदेत पूर्वबुनियादी, बुनियादी, उत्तरबुनियादी आणि प्रौढशिक्षण असे जन्मापासून अखेरपर्यंतचे शिक्षण मांडले गेले. आशादेवींच्या कामाचा सर्वांत भरीव काळ येथून सुरू होतो. पूर्वबुनियादीत शांताबाई नारूलकर लहान मुलांचे आणि गावातील मातांचे काम पाहत होत्या. शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार देवीप्रसाद १९४४ पासून कलेची बाजू सांभाळत होते. मार्जोरी साइक्स १९४९ मध्ये येऊन मिळाल्या आणि नई तालीमचा इतिहास पुढे त्यांनीच लिहिला. उत्तरबुनियादीत मोठी मुले आपल्या अन्नवस्त्राचा भार स्वतःच्या श्रमातून उचलण्याचा प्रयत्न करीत. येथे आमसभेचे काम अधिक जबाबदारीचे झाले, कारण आता प्रश्न साऱ्या वसाहतीच्या जमाखर्चाचा होता. संगीत, उत्सव आणि नाट्य यांना सेवाग्रामच्या साध्या राहणीत जे स्थान मिळाले, त्यात आशादेवींच्या शांतिनिकेतनी वळणाचा वाटा होता. गांधीजींच्या आश्रमातील काटेकोरपणा आणि कवीच्या आश्रमातील रसिकता यांचा सांधा त्यांनी जुळवला.

या प्रयोगाला मर्यादाही होत्या. आमसभा स्वतंत्र होती, पण ज्या चौकटीत ती चाले ती मोठ्यांनीच आखलेली होती. प्रार्थना, खादी, पहाटे उठणे या गोष्टी मुलांच्या मताने ठरलेल्या नव्हत्या आणि मतदानाने बदलण्यासारख्याही नव्हत्या. आशादेवींसारखी प्रभावी व्यक्ती समोर असताना मुले खरोखर किती मोकळेपणाने मतभेद व्यक्त करीत असतील, हा प्रश्नही विचारण्याजोगा आहे. असे असले तरी बहुसंख्य शाळांतील मुलांना ज्या काळी वेताच्या छडीखेरीज दुसरा कायदा माहीत नव्हता, त्या काळी मिळालेले हे स्वातंत्र्य थोडे म्हणता येणार नाही.

स्वातंत्र्यानंतर फाळणीच्या निर्वासितांसाठी फरिदाबाद येथे नवी वसाहत उभी राहू लागली, तेव्हा तेथील मुलांच्या शाळांतही तालिमी संघाने नई तालीमचे काम केले. १९५४ साली भारत सरकारने आशादेवींना पद्मश्री देऊन गौरवले. पद्म पुरस्कारांचे ते पहिलेच वर्ष होते. गौरव झाला, परंतु ज्या कार्यासाठी तो झाला त्याचा पाया याच दशकात खचत होता. राज्योराज्यी बुनियादी शाळांचे फलक लागले, शिक्षकांच्या प्रशिक्षणसंस्थांनाही तेच नाव मिळाले. १९५६ च्या पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला. येथील पिढ्यान्पिढ्यांच्या शिक्षकांना बुनियादी प्रशिक्षण हे शब्द परिचित आहेत ते त्यामुळेच. फलकामागे मात्र बहुधा एक-दोन मोडके चरखे आणि तासिकांत कोंबलेली सूतकताई उरली. शनिवारची बालसभाही शाळाशाळांत रूढ झाली, पण तिच्यापुढे ना कोठी होती ना हिशेब. गाणी, गोष्टी आणि पाठ केलेली भाषणे यांत तिचा वेळ जाऊ लागला आणि सभा कशी चालवावी याचा निर्णय शिक्षकांकडेच राहिला. काम नसलेल्या सभेचे दुसरे काय होणार?

सेवाग्रामच्या अडचणी वेगळ्या होत्या. उत्तरबुनियादीतून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या प्रमाणपत्राला विद्यापीठांच्या आणि सरकारी नोकऱ्यांच्या जगात किंमत नव्हती. गावातील पालकांना आपला मुलगा शेती-चरख्याकडेच परत यावा असे वाटत नव्हते, आणि त्यांना दोष देता येणार नाही. पिढ्यान्पिढ्या ज्यांच्या वाट्याला श्रमच आले, त्यांनी शाळेकडून श्रमातून सुटकेची अपेक्षा केली तर ते स्वाभाविकच होते. या अपेक्षेला नई तालीमकडे समाधानकारक उत्तर नव्हते. १९५९ मध्ये हिंदुस्थानी तालिमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला. भूदान-ग्रामदानाच्या लाटेत कार्यकर्ते गावोगाव पांगले होते. शाळेपेक्षा चळवळीला अग्रक्रम मिळाला. आशादेवीही विनोबांच्या शांतिसेनेच्या कामात पडल्या आणि तिच्या मंडळाची जबाबदारी काही काळ त्यांनी वाहिली. दंगलग्रस्त भागांत निःशस्त्र जाऊन उभे राहणाऱ्या स्वयंसेवकांचे हे काम होते. ज्या बाईंनी मुलांना भांडण सभेत आणून मिटवावयास शिकवले, त्यांनी उतारवयात हे काम पत्करावे यात विसंगती काहीच नव्हती.

झाकिर हुसेन १९६७ साली राष्ट्रपती झाले. वर्ध्याच्या समितीचा अध्यक्ष देशाच्या सर्वोच्च पदावर पोहोचला, तेव्हा त्या समितीच्या योजनेतील बहुतेक शाळा नावापुरत्या उरल्या होत्या. आर्यनायकम आधी गेले. नंतर, १९७० च्या दशकाच्या आरंभी, आशादेवींचेही निधन झाले. सेवाग्रामची शाळा पुढे बंद पडली आणि इमारती बरीच वर्षे सुन्या राहिल्या. त्याच आवारात २००५ साली आनंद निकेतन या नावाने शाळा पुन्हा सुरू झाली. तिचे माध्यम मराठी आहे, आणि शेती, स्वयंपाक व सफाई हे तिच्या अभ्यासक्रमाचे भाग आहेत.